अक्षर बिघडवण्याचं काम

त्या वर्षी मी लोकांच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायचे आणि दर दोन मिनिटांनी एक खूण करायचे. मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल, मनगटावर घड्याळ. तक्त्यात मुलांची नावं नसायची, क्रमांक असायचे, आणि प्रत्येक क्रमांकापुढं दोन रकाने: सहभागी, सहभागी नाही. दोन मिनिटं झाली की मान वर करायची, मूल काय करतंय ते बघायचं, खूण करायची आणि पुढच्या मुलाकडं वळायचं. शैक्षणिक मानसशास्त्रात या पद्धतीला चांगलं भारदस्त नाव आहे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना ते माहीत नव्हतं. त्या सरळ विचारायच्या, "बाई, तुमी दिसभर नुसतं घड्याळ बघायला येता व्हय?"

माझी पोटापाण्याची नोकरी फिरत्या विशेष शिक्षिकेची. कंत्राटी. म्हणजे नेमणूक दर वर्षी नवी आणि गावं जुनीच. सकाळी शहरातल्या गारखेड्यातून स्कूटी काढायची, हर्सूल ओलांडायचं, चौक्याचा घाट चढायचा आणि फुलंब्री तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा एकेक करून गाठायच्या. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला कमी दिसतं, कुणाचे हातपाय साथ देत नाहीत, कुणाला गोष्टी सावकाश उमगतात. अशा मुलांनी साध्या शाळेत, साध्या वर्गात, बाकीच्यांबरोबर बसावं हे कायद्यानं ठरलेलं आहे, आणि ती बसतही होती. माझं डोकं एवढ्यावरच अडकलं होतं की बसतात, पण शिकतात का? चाळिशी ओलांडल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं ते या एका प्रश्नापायी. आई म्हणाली, "तुझ्या नाकावर राग आणि डोक्यात खूळ, दोन्ही बापाकडून आलंय." वडील चितेगावच्या कारखान्यात मशीनवर उभे राहून निवृत्त झाले. त्यांच्यात राग होता हे खरं. खूळ मला तरी कधी दिसलं नाही.

माझी पद्धत अशी होती: ज्या मुलाकडं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे असं एक मूल घ्यायचं, त्याच वर्गातलं काहीच अडचण नसलेलं दुसरं मूल घ्यायचं, आणि दोघांच्या खुणा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. हे दुसरं मूल कोणतं ते वर्गशिक्षकांनी सुचवायचं. ज्या शाळेची ही गोष्ट आहे ती सातवीपर्यंतची. सातवीला शिकवणारे सर तिथं मुख्याध्यापकाचा कारभारही बघायचे. कमी दिसणाऱ्या एका मुलीसाठी मला जोड हवी होती. सरांनी क्षणाचा विचार केला नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीकडं बोट केलं, तिची वही उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हिला घ्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई?"

वही उघडली आणि मी बघतच राहिले. मोत्यासारखं अक्षर म्हणतात ते हे. समास सरळ, शिरोरेघ सुतात ओढल्यासारखी, कुठं खाडाखोड नाही. माझं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. त्यामुळं सुंदर अक्षर दिसलं की मी तशी लगेच विरघळते. मी तिला माझ्या तक्त्यात क्रमांक दिला आणि 'अडचण नाही' या बाजूला लिहून टाकलं.

मुलगी तेरा वर्षांची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. वडील दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते जूनच्या तोंडाला परत. आई दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीला. दोन थोरल्या बहिणी शाळा अर्ध्यात सोडून मेंढरामागं गेलेल्या, आता सासरी. ही तिसरी. सातवीनंतर शाळा हवी तर बसनं फुलंब्रीला जायला हवं, आणि त्या घरातली एकही पोर तोवर गावाबाहेरच्या शाळेत गेली नव्हती. पण हिच्या वडलांना हिच्या अक्षराचा भारी अभिमान. तिची एक जुनी वही ते दर वर्षी कळपाबरोबर नेत आणि मुक्कामाच्या गावी लोकांना उघडून दाखवत. सरांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, "एवढं अक्षर आसलेली पोर मेंढरामागं कामून घालू? आठवीला धाडतो. पन आभ्यासात ढिली पडली तर सांगा. मपल्याकडं हात कमी हायेत." सरांनी हे मला कौतुकानं सांगितलं, आणि मीही कौतुकानंच ऐकलं.

नोव्हेंबर-डिसेंबरभर मी त्या वर्गात बसले. मुलगी मान खाली घालून लिहीत असायची. मध्येच फळ्याकडं बघायची, परत लिहायची. शेजारणीशी गप्पा नाहीत, खिडकीबाहेर लक्ष नाही. माझ्या तक्त्यात तिच्यापुढं 'सहभागी'च्या खुणांची नुसती माळ लागली. साऱ्या वर्गात सगळ्यांत जास्त सहभागी मूल हेच. मी माझ्या कच्च्या प्रकरणात तिच्यावर एक परिच्छेदही लिहून टाकला, गरिबीतून फुललेल्या वगैरे शब्दांचा. तो परिच्छेद आठवला की अजून कानशिलं तापतात.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. सर फळ्यावर पचनसंस्था काढत होते. जठर काढून झालं, आतडी काढायची होती, तेवढ्यात फोन वाजला. वरून निरोप असणार. सरांनी फोन खांद्यात धरून, विसरू नये म्हणून, फळ्यावर जिथं जागा मिळाली तिथं लिहून ठेवलं: 'मिटिंग १२ वा. फुलंब्री. टपाल घेऊन जाणे.' जागा मिळाली ती नेमकी जठर आणि लहान आतडं या दोन नावांच्या मध्ये. फोन ठेवला आणि पुढं शिकवायला लागले.

तास संपल्यावर मी सहज बाकांमधून फिरत होते. त्या मुलीची वही उघडी होती. पचनसंस्थेची सुबक आकृती, आणि शेजारी त्याच मोत्यासारख्या अक्षरात: 'जठर. मिटिंग १२ वा. फुलंब्री. टपाल घेऊन जाणे. लहान आतडे.'

मी खो खो हसले. सरांना दाखवावं म्हणून वही उचलली आणि उचलता उचलता मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. फळ्याच्या कोपऱ्यात रोज वार, तारीख, पट, हजर मुलं-मुली असं लिहिलेलं असतं. ते तिच्या वहीत रोज होतं. गणिताच्या एका पानावर आदल्या तासाच्या पुसलेल्या शब्दाचा उरलेला तुकडा होता. शब्द अर्धा पुसला गेलेला, आणि तिनं तो अर्धाच उतरवला होता, खालच्या उकारांच्या शेपट्यांसकट. माझं हसू कुठं गेलं कळलं नाही. त्या प्रत्येक पानावर सरांची लाल शाईतली बरोबरची खूण होती. आणि माझा तक्ता काढून बघितला तर त्याच वेळेपुढं माझीही खूण होती: सहभागी.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी तिला स्वयंपाकाच्या खोलीमागं घेऊन बसले. पिशवीत दुसरीच्या मुलांसाठीचं गोष्टीचं पुस्तक होतं. म्हटलं, वाच. तिनं चित्राकडं बघितलं आणि घडाघडा एक गोष्ट सांगितली, चांगली रंगवून. पुस्तकातली नव्हती ती, तिची होती. मी तळहातानं चित्र झाकलं. ती थांबली. माझ्या हाताकडं बघत राहिली, हात कधी उचलतेय म्हणून.

"बाई, डोकं दुखायलंय."

"तुला वाचता येत नाही ना?" मी विचारलं. मला असं आडवळण न घेता विचारायची खोड आहे. कधी कधी ती कामाला येते.

तिनं पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं. मग खाली बघत म्हणाली, "फळ्यावरचं बघून काढते. सर बोलतेत ते ध्यानात ऱ्हातं. पेपरात शेजारनीचं दिसतं." पुढं म्हणाली, "अक्षरं हालतेत, बाई. एकाची दुसरी व्हतेत. पहिलीपासून." आणि मग माझा हात धरला. "आप्पाला सांगू नका. आप्पा म्हनले ढिली पडली तर मेंढरामागं. मला साळंत जायचंय."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या पायाखाली होता. शिकण्यातली अक्षमता ओळखणं हे माझं काम. त्याचं शिक्षण घेतलेलं, त्यावर भाषणं दिलेली, शिक्षकांची प्रशिक्षणं घेतलेली. आणि तीन महिने मी या मुलीपासून दहा फुटांवर बसून तिला 'अडचण नाही' म्हणत होते. कारण ती त्रास देत नव्हती. जे मूल वर्गात आरडाओरडा करतं, पळतं, कागद फाडतं, त्याच्याकडं सगळे बघतात. ही सात वर्षं गुमान चित्रं काढत बसली आणि शाळा तिला शाबासकी देत राहिली. मला स्वतःचा इतका राग आला की परतीच्या वाटेवर घाटात स्कूटी बाजूला घेऊन मी दहा मिनिटं नुसती उभी राहिले.

पण रागावून भागणार नव्हतं. अभ्यास सुरू करताना प्रत्येक मुलाला मी सांगितलं होतं की तुझ्याबद्दलचं काही मी तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "सरांना सांगावं लागेल. त्यांच्याशिवाय मला तुझ्यासाठी वेळ मिळणार नाही." तिनं विचार केला. म्हणाली, "सरांना सांगा. आप्पाला मी सांगीन. वाचायला आलं की सांगीन." रीतसर तपासणी करून घ्यायची तर पालकांची सही हवी, आणि आई नवऱ्याला विचारल्याशिवाय कशावरही अंगठा उठवत नव्हती. म्हणजे दवाखाना, प्रमाणपत्र, परीक्षेत जादा वेळ, हे सगळं जूननंतर. जून यायला पाच महिने होते. मुलगी आठवीला जाणार की मेंढरामागं, हे त्या पाच महिन्यांत ठरणार होतं.

आधी सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते, उलट तालुक्यातल्या चांगल्या शिक्षकांतले. ऐकून ते खुर्चीत मागं रेलले आणि पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "आता सातवी संपत आली, बाई. बाप खूश आहे, पोरगी खूश आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठवीत गेली की तिकडचे बघतील."

"आठवीत वर्षाअखेर पेपर आहे सर. नापास झाली की तिचे आप्पा काय करतील ते तुम्हीच मला सांगितलंय."

"म्हणजे आम्ही सात वर्षांत काही शिकवलंच नाही, असं म्हणायचं का तुम्हाला?"

"तुमच्या लाल खुणा आहेत सर, माझ्या पेन्सिलीच्या आहेत. दोघांचा रंग तेवढा वेगळा."

त्यांना ते लागलं. पण दुसऱ्या दिवशीपासून रोज शेवटचे दोन तास त्यांनी मुलीला मोकळं केलं, आणि ज्या दिवशी मला यायला जमायचं नाही त्या दिवशी स्वतः घेऊन बसले. यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे, हेही सांगून टाकते.

मग माझ्या मार्गदर्शक मॅडम. त्यांच्या विद्यापीठातल्या खोलीत मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "एक केस वगळा. सोपं आहे. तिच्याऐवजी दुसरी मुलगी घ्या."

"मॅडम, तिची खूण चुकली म्हणजे तक्ताच चुकलाय. लिहिणारं प्रत्येक मूल मी सहभागी धरलंय. त्यातली किती नुसतं उतरवत होती, मला माहीत नाही."

"दीड वर्षाचं काम आहे तुमचं."

"हो."

"मुदत वाढवून घ्यावी लागेल. आणि मुदतवाढ मिळेलच असं नाही."

"हो."

त्या हसल्या. "ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या विद्यार्थ्यांची मला सवय आहे. तुम्ही भांडंच फोडायला निघालात." तरी अर्जावर सही केली. मी दीड वर्षाच्या खुणा दोरीनं बांधून माळ्यावर टाकल्या आणि तक्ता नव्यानं आखला. आता तास संपला की प्रत्येक मुलाची वही मिटायची, फळा पुसायचा आणि विचारायचं: तू आत्ता काय लिहिलंस ते मला सांग. एवढाच बदल. दुसऱ्या गावांतल्या वर्गांतही मी हेच करून बघितलं, आणि त्या मुलीसारखी ती एकटीच नव्हती, हे लवकरच कळलं. पण ते प्रबंधात आहे. इथं मला तिचंच सांगायचं आहे.

शिकवायला बसले तर पहिली अडचण तिच्या अक्षराचीच आली. तिच्यासमोर 'म' लिहिला की ती इतका देखणा 'म' काढायची की शिकलीच असं वाटावं. आवाज विचारला की शून्य. डोळे आणि हात यांचं इतकं जमलेलं की कानाला आणि डोक्याला ते दोघं मध्ये येऊच देत नव्हते. म्हणून मी तिला डोळे मिटायला लावले. परातीत रेती घेतली, तिचा हात हातात धरला, तोंडानं 'म' म्हणत बोट फिरवायचं. मग एकटीनं. डोळे मिटल्यावर तिचा 'म' वाकडा यायचा आणि ती चिडायची. "घान आला, बाई." मी म्हणायचे, येऊ दे घाण. तोंडानं म्हणालीस ना? मग तो तुझा आहे.

समोर बघून उतरवायला मी बंदीच घातली. फळ्याकडं पाठ करून बसायचं, मी शब्द म्हणायचा, तो तोडून तोडून ऐकायचा आणि जसा ऐकू येईल तसा लिहायचा. 'मेंढरू' हा शब्द तिनं तीन दिवस तीन तऱ्हांनी लिहिला. 'प' आणि 'ष' तिच्या डोळ्यांपुढं जागा बदलायचे. त्यांच्यासाठी आम्ही वेगवेगळ्या रंगांचे खडू ठेवले. एखाद्या दिवशी चार शब्द यायचे, दुसऱ्या दिवशी त्यातले तीन गायब. अशा दिवशी ती वही फेकायची. मी उचलून परत द्यायचे. एकदा मीच फेकली, तेव्हा तिनं उचलून दिली.

मार्चमध्ये पहिल्यांदा तिनं चित्र नसलेलं एक वाक्य कुणाच्या मदतीशिवाय वाचलं. चार शब्दांचं. वाचून झाल्यावर तिनं ते परत वाचलं, मग आणखी एकदा, आणि मग विचारलं, "हे असंच ऱ्हातं का, बाई? उद्या बी हेच लिवलेलं आसंल?" मी हो म्हणाले आणि तोंड फिरवून घेतलं. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर मला ते नको होतं.

पण जसजसं वाचन येऊ लागलं तसतसं अक्षर गेलं. साफ गेलं. आता ती शब्द मनात जुळवून लिहायची, त्यामुळं हात अडखळायचा. ओळ वर चढायची, खाली उतरायची, खाडाखोड व्हायची, काना विसरायचा. जुनी वही आणि नवी वही शेजारी ठेवली तर नवी वही दुसरीतल्या पोराची वाटावी. माझ्या दृष्टीनं त्या वहीसारखी सुंदर वही मी आजवर बघितलेली नाही. खिचडीच्या मावशींचं मत वेगळं होतं. त्या परात घासता घासता म्हणाल्या, "चांगल्या पोरीचं अक्षर बिगडवलं, बाई, तुमी. तिचा बाप आला म्हंजी बघा."

तीच धास्ती मलाही होती. अभिमानानं मिरवण्याची एक वस्तू मी एका माणसाच्या घरातून काढून घेतली होती, त्याला न विचारता. आणि त्याबदल्यात दिलेली वस्तू त्याला वाचताच येत नसल्यामुळं दिसणार नव्हती. मुलीला मी दोनतीनदा म्हटलं, आईच्या फोनवरून आप्पांना सांगून टाक. ती म्हणायची, "फोनवर नाय. तोंडावर सांगीन." मे महिन्यात शाळा बंद होती. उन्हाचा कहर असायचा, तरी आठवड्यातून दोनदा मी सकाळी सातला गावात पोचायचे आणि शाळेच्या ओट्यावर आमची जोडाक्षरं चालायची. कंत्राटी माणसाला मेचा पगार नसतो. निदान सुट्टीत कुठं गेला होता म्हणून विचारणाराही नसतो.

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा आले. उन्हानं रापलेला उंच माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मागं मुलगी. त्यांनी सरांच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली, सात महिने कळपाबरोबर फिरलेली. दुसरी नवी.

"सर, ही मपल्या पोरीची वही," ते म्हणाले. "आन ही बी तिचीच म्हनतेत. हे कुनी केलं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मी."

"कामून?"

माझं भाषण तयार होतं. घाट चढता चढता मी ते कितीदा घोकलं होतं: मेंदू, अक्षरं, आवाज, मुलीची हुशारी, कुणाचा दोष नाही. पण ती दारात उभी होती, आणि सांगणार ती होती. माझ्यासारख्या बाईला जीभ दातांखाली धरणं किती अवघड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं. मी म्हणाले, "ती सांगेल."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. खोलीतली हवा अशी झाली की सरांना राहवेना. त्यांनी ड्रॉवरमधून फुलंब्रीच्या हायस्कुलाचा प्रवेशाचा फॉर्म काढला. सातवी झालेल्या सगळ्यांसाठी त्यांनी ते आणून ठेवले होते. "वह्यांचं नंतर बघू. आधी हिला आठवीला धाडायचं की नाही ते सांगा. धाडायचं असेल तर इथं सही करा."

आप्पांनी फॉर्म हातात घेतला. "सही करीन, नायतर नाय करनार. पन काय लिवलंय ते कळू द्या." आणि मुलीपुढं धरला. "ये गं. वाच."

सर म्हणाले, "द्या, मी वाचतो." मीही हात पुढं केला होता, सरकारी फॉर्मच्या मराठीत जोडाक्षराशिवाय शब्द नसतो, हे मला माहीत होतं. ती आमच्या दोघांच्या हातांमधून पुढं आली आणि तिनं कागद घेतला.

"वि..." तिनं बोट शब्दाखाली ठेवलं. "विद्... विद्या... र... विद्यार्... थ्या..." थांबली. मागं गेली. "विद्यार्थ्या... चे. विद्यार्थ्याचे." वरच्या ओठावर घाम आला होता. "सं... पू... र्ण. संपूर्ण. नाव."

चार-पाच मिनिटं तरी गेली असतील. आप्पा तिच्याकडं बघत होते, जणू दुसऱ्या कुणाची पोर उभी आहे.

"घसा बसला काय गं?"

"नाय."

"मंग आशी कामून अडखळायलीस? मागल्या साली तर पानंच्या पानं लिवत व्हतीस."

"ते लिवनं नव्हतं, आप्पा," ती म्हणाली. ती त्यांच्या तोंडाकडंच बघत होती. "बघून चितरं काढत व्हते. त्यातलं एक बी अक्षर मला कळत नव्हतं. पहिलीपासून. आता वाचायले."

सर खाली बघत होते. आप्पा माझ्याकडं वळले. "बाई, तुमी वर्गात मागं बसायच्या म्हनं."

"हो."

"तुमाला बी नाय दिसलं?"

"नाही दिसलं," मी म्हणाले. "मी वही बघत होते. तिच्याकडं बघितलं नाही." प्रबंधात हेच सांगायला मला पुढं तीस पानं लागली.

आप्पांनी फॉर्म तिच्या हातातून घेतला. जिथं सही करायची तिथं सरांनी फुली मारून ठेवली होती, तिच्याकडं ते खूप वेळ बघत राहिले.

"आन मी तरी काय करतो, बाई?" ते शेवटी म्हणाले. "सही म्हनून चितरच काढतो की. बँकेत काढतो, सोसायटीत काढतो. वर काय लिवलंय देव जानं."

त्यांनी सरांचा पेन घेतला, टेबलावर वाकले आणि एकेक रेघ सावकाश ओढत सही केली. मग कागद सरांना न देता परत मुलीच्या हातात ठेवला आणि भिंतीजवळची खुर्ची ओढून बसले.

"आता दुसरी वळ वाच," ते म्हणाले. "घाई नाय."